मी गेल्यावर काय झालं, ते मी पाहिलं

मृत्युपत्र कसं करावं हे शिकायचं असेल, तर माझ्याकडे या. फुकट शिकवीन, वर चहा पाजीन. पण ते करून झाल्यावर कुणाला सांगावं, हे मात्र मला विचारू नका. त्या विषयात मी सपशेल नापास झालो आहे. नापास होऊन इतका खूश झालेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, म्हणून ही हकिगत सांगतो.

माझं फ्रेमचं दुकान. लोकांचे आजी-आजोबा, लग्नं, पदव्या, बक्षिसं आणि एकदा एका गृहस्थांचा ऑपरेशन करून काढलेला मुतखडा, सगळं मी चौकटीत बसवलंय. जन्मभर दुसऱ्यांचं बसवल्यावर एक दिवस मनात आलं, आता आपलंही आटपून टाकावं. बायको केव्हाच पुढे गेली. आपणही काही अमरपट्टा घेऊन आलेलो नाही. तडक वकिलांकडे गेलो आणि घर, दुकान, सगळ्याचा निकाल लावून टाकला. शेवटी शेवटी माझी मागे कलणारी खुर्ची, कोट आणि मोबाइल यांचंही सांगायला लागलो, तेव्हा वकिलांनी पेन खाली ठेवलं.

"हे किरकोळ तुम्ही तोंडी सांगा कुणाला तरी," ते म्हणाले. "बाकी इतकं सुटसुटीत मृत्युपत्र मी आजवर केलं नाही. फक्त ते केलंय, हे एका तरी माणसाला माहीत असू द्या."

"सगळ्यांनाच सांगू का?"

"सांगा. मग सगळ्यांचं काय म्हणणं आहे, ते जिवंतपणी ऐकायची तयारी ठेवा."

एवढं ऐकून मी मनाशी पक्कं केलं. सांगायचं एकालाच, आणि तो माणूस असा हवा की मेल्यावरही आपल्याला त्याचा अभिमान वाटावा.

आता एवढी लपवाछपवी कशासाठी, ते सांगतो. मला दोन मुलं. थोरली आणि धाकटा. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही. धाकटा आमच्याच जिन्यावर वेगळं बिऱ्हाड करून राहतो, लिफ्ट दुरुस्त करतो, पण घरातला नळ गळायला लागला तरी आधी ताईला फोन लावतो. आणि मी काय ठरवलं होतं? दुकान थोरलीला, घर धाकट्याला. थोरली लग्नानंतरही रोज दुकानात येते, पट्ट्या कापते, काचा बसवते. दुकान तिचंच. पण मुलगा असताना मुलीला धंदा दिला म्हणून धाकटा मनात धरून बसला तर? आणि घर भावाला दिलं म्हणून थोरली रुसली तर?

तुम्ही म्हणाल, उगीच घाबरतोय म्हातारा. अहो, माझ्या दुकानात काय काय येतं, तुम्हाला ठाऊक नाही. सकाळी एक भाऊ वडिलांचा फोटो घेऊन येतो, फ्रेम करा म्हणतो. दुपारी बहीण त्याच वडिलांचा तोच फोटो घेऊन येते. आणि हळूच विचारते, "तो येऊन गेला का? परत येणार नाही ना एवढ्यात?" एकाच बापाच्या दोन भिंतींवर दोन फ्रेमा, आणि मधे बोलणं बंद. माझा फोटो असा दोन वेळा फ्रेम होऊ नये, एवढीच माझी इच्छा. म्हणूनच मला तोंड उघडायची भीती वाटत होती.

तर एक माणूस शोधायला लागलो.

धाकटा बाद. त्याच्या पोटात गोष्ट राहतच नाही. थोरलीसमोर मरणाचा म काढला की ती हातोडी जोरजोरात मारायला लागते. जावई सज्जन, पण त्यांना काहीही सांगितलं की ते आधी सगळ्यांना एकत्र बसवून प्रस्तावना करतात. समोरचा न्हावी माझा जुना मित्र, पण त्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक वस्तऱ्याखाली असतं, त्याला ऐकावंच लागतं. दुसरा मित्र कंपाउंडर. नोकरी संपल्यावर डोंगरावर जाऊन राहिला होता आणि "तूही ये, कायमचा राहा, खोली रिकामी आहे" असा मागे लागला होता. त्याला सांगितलं असतं तर त्याने ते दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर, सगळ्या डोंगराला पाजलं असतं.

उरल्या वहिनी.

आमच्या वहिनींबद्दल काय सांगू? माझ्या मोठ्या भावाची बायको, आमच्याच इमारतीत एक मजला खाली राहतात. मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. त्या वॉर्डात शिरल्या की म्हणे डॉक्टरसुद्धा शर्टाची बटणं लावायचे. सांगितलेलं काम त्यांनी केलं नाही, अर्धं केलं किंवा उद्यावर टाकलं, असं आमच्या घराण्यात कुणी पाहिलेलं नाही. आणि गुपित म्हणाल तर माझ्या भावाला साखरेचा आजार होता, हे मला तो वारल्यावर कळलं, तेही दुसऱ्याकडून. अशी माणसं आता मिळत नाहीत. मी मनातल्या मनात वहिनींना सलाम ठोकला आणि खाली गेलो.

वहिनी चादरी घड्या घालत होत्या. मला बघून त्यांनी चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. मी ती धरूनच विषय काढला.

"वहिनी, एक सांगायचं होतं. मी गेल्यावर..."

"कधी जाताय?" वहिनींनी विचारलं.

दुसरं कुणी असतं तर "काहीतरीच काय बोलता" म्हणून अंगावर आलं असतं. वहिनींनी तारीख विचारली. याला म्हणतात छातीची बाई.

"ते काय आपल्या हातात असतं?" मी म्हणालो.

"तेही खरं. बोलावणं आलं की निघायचं."

"अगदी बरोबर बोललात. बोलावणं आलं की निघायचं."

"एकटेच?"

"सगळे एकटेच जातात, वहिनी."

"आणि कायमचे?"

"म्हणजे काय! तिथून कोण परत येतं?"

वहिनींनी माझ्याकडची टोकं घेतली, चादर झटकली आणि म्हणाल्या, "हवा चांगली आहे म्हणतात तिथली. थंडी मात्र असते. गरम कपडे लागतील."

मला फार बरं वाटलं. गरम कपडे लागतील म्हणजे त्यांनी मला वरच्याच ठिकाणी धाडलं होतं. खालच्या ठिकाणी गरम कपड्यांचा काय उपयोग?

मग मी सगळं सांगितलं. घर धाकट्याला, दुकान थोरलीला. खुर्ची आणि मोबाइल जावयांना, कारण मी जरा उठलो की ते त्या खुर्चीत बसतात आणि बसले की माझा मोबाइल उचलतात. कोट न्हाव्याला, कारण त्याची त्या कोटावर फार दिवसांची नजर आहे. पलंग तुमच्या इस्पितळाला. वहिनी ऐकत होत्या आणि मान डोलावत होत्या. एकही गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगायला लावली नाही.

"मी गेलो की थांबायचं नाही," मी बजावलं. "त्याच दिवशी सुरुवात करायची. दिवस लोटले की मनं फिरतात."

"मुलांना माहीत आहे?"

"नाही. मी गेल्यावरच कळू दे."

पहिल्यांदाच वहिनी थांबल्या. "भावजी, सांगून गेलात तर बरं होईल. पोरांच्या जिवाला लागेल."

"नाही हो जमत. चार वेळा तोंड उघडलं, शब्द फुटला नाही. तुम्हीच सांगा. आणि दोघांना वेगवेगळं सांगा, समोरासमोर नको."

वहिनींनी चादरीचा कोपरा दुमडला. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मी हलका होऊन वर आलो. त्या दिवशी दुकानात मी शीळ घालत पट्ट्या कापल्या, आणि थोरलीने दोनदा विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना?"

पुढच्याच आठवड्यात भल्या सकाळी कंपाउंडरने कुणाकरवी तरी फोनवर निरोप पाठवला. पाय मुरगळलाय, उठता येत नाही, चार दिवस ये. मी घाईघाईने पिशवी भरली. मोबाइल चार्जिंगला लावला आणि अर्थातच तिथेच विसरलो. जिना उतरताना वहिनींच्या दारात थांबलो.

"वहिनी, कंपाउंडरचं बोलावणं आलं. निघालो मी. या किल्ल्या. बाकी तुम्हाला माहीतच आहे."

बाकी म्हणजे झाडांना पाणी घालायचं आणि मुलांना निरोप द्यायचा. आणखी काय असणार?

"आजच?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी डोळ्याला रुमाल लावला. मला वाटलं, कांदा चिरत असतील. "जपून राहा, भावजी. इकडची काळजी करू नका. सगळं सांगितल्याप्रमाणे होईल."

किती आपुलकीची बाई, असं म्हणत मी बस पकडली.

डोंगरावर मजेत होतो. कंपाउंडर पाय वर करून पडला होता आणि औषधाच्या गप्पा मारत होता. तिथे मोबाइलला रेंज नसते. तिसऱ्या दिवशी वाटलं, घरी खुशाली कळवावी. खाली एका किराणा दुकानात जुना फोन होता. पण नंबर कुठला आठवतोय? हल्ली स्वतःचा सोडून कुणाचा नंबर पाठ असतो? मी माझाच नंबर लावला. वहिनी उचलतील, या हिशेबाने.

उचलला जावयांनी.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी."

"मी कोण?"

"अहो, मी. हा माझा मोबाइल आहे."

"होता," जावई म्हणाले. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "बाबा? तुम्ही? कसे आहात तिकडे?"

"मी बरा आहे. माझा मोबाइल तुमच्या हातात कसा?"

"काकूंनी दिला. तुमच्या इच्छेप्रमाणे. बाबा, खरं सांगतो, डोळे भरून आले. आणि खुर्ची मिळाली तेव्हा तर..."

"कुठली खुर्ची?"

"तुमची. त्यातच बसून बोलतोय. पाठ पार मागे जाते हो हिची, मला माहीतच नव्हतं."

"जावईबापू, उठा आधी."

"काय?"

"खुर्चीतून उठा आणि घरी काय झालंय ते नीट सांगा."

"काही नाही. तुम्ही गेल्यावर जे व्हायचं ते सगळं झालं. अगदी शिस्तीत. फक्त तुम्ही कायमचे जाताय हे आम्हाला आधी..." आणि फोन कटला.

मी किराणावाल्याच्या पोत्यावर बसलो. डोक्यात हळूहळू प्रकाश पडायला लागला. गेल्यावर. बोलावणं. गरम कपडे. वहिनी मला स्वर्गात नव्हत्या धाडत, कंपाउंडरच्या रिकाम्या खोलीत धाडत होत्या. त्याचं ते आमंत्रण सगळ्या इमारतीला पाठ होतं. खुर्चीचं मला काही वाटलं नाही. पण खुर्ची गेली म्हणजे दुकानाचंही सांगून झालं. थोरलीला आणि धाकट्याला कळलं, आणि मी इथे पोत्यावर. माझ्या डोळ्यांसमोर एकदम दोन फ्रेमा आल्या, दोन वेगळ्या भिंतींवर. कंपाउंडरला लंगडत ठेवून मी मिळेल त्या बसने परत फिरलो.

आमच्या रस्त्याच्या तोंडाशी उतरलो तर समोरून माझा कोट आला. आत न्हावी होता.

"अरे, परत?" तो म्हणाला. "काही विसरलं का?"

कोट, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तो दोन्ही हातांनी कॉलर धरून असा उभा होता, जसा कुणी नवरदेव. म्हणाला, "खांद्यात थोडा सैल आहे. पण शिंप्याकडे नाही देणार. तुझी आठवण आहे, तशीच राहू दे."

आता अशा माणसाकडून कोट काढून घेणार कसा? मी विषय बदलला. "आमच्या पोरांचं काही कानावर आलं का रे?"

"आलं तर. मेट्रनबाईंच्या घरात मोठा आवाज झाला म्हणे परवा. तुझ्या धाकट्याचा. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आला. मी वर जाणार होतो, पण अंगात तुझा कोट. बरं दिसलं नसतं."

धाकटा कधी आवाज चढवत नाही. लहानपणी मांजर चावलं तरी तो हळूच रडला होता. जिना मी कसा चढलो ते मला आठवत नाही.

घराचं दार सताड उघडं होतं. आत खुर्ची नाही, पलंग नाही, भिंतीला नवा रंग, आणि बोललं की आवाज घुमतोय. धाकटा आणि सूनबाई टेप लावून खिडकी मोजत होते. मला बघून धाकट्याने टेप सोडली, ती सर्रकन गुंडाळली गेली.

"बाबा," तो म्हणाला, आणि पुढे येऊन त्याने मला घट्ट धरलं. मग सोडलं आणि तोंड फिरवलं. "न सांगता गेलात. मी काय परका होतो?"

"अरे, मी कुठे गेलो? कंपाउंडरकडे गेलो होतो."

"तेच म्हणतोय. कायमचे."

"चार दिवस, बाळा. त्याचा पाय मुरगळला म्हणून."

आवाज ऐकून वहिनी वर आल्या. मला बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"भावजी, तुम्ही परत कसे?"

"वहिनी," मी हात जोडले. "मी गेल्यावर म्हणजे... म्हणजे गेल्यावर हो."

"गेलात की."

"तसं नाही. वर."

"मग डोंगर काय खाली असतो?"

"अहो, वर म्हणजे एकदम वर. म्हणजे जाणं म्हणतात ना, ते जाणं."

सूनबाईने तोंडावर हात धरला. शेवटी मी घसा खाकरून तो शब्द उच्चारला. "मेल्यावर, वहिनी. मी मेल्यावर."

"मग मेल्यावर म्हणायचं," वहिनी म्हणाल्या. "माझ्या वॉर्डात एका नव्या सिस्टरने नातेवाइकांना सांगितलं, 'तुमचे काका गेले.' त्यांनी जी रडारड केली, ती बाहेर रस्त्यापर्यंत पोचली. काका खाली दाढी करायला गेले होते. परत आले तर आपल्याच पलंगाभोवती माणसं छाती पिटतायत. त्या दिवसापासून मी नियम केला. मेला तर मेला म्हणायचं. गेला म्हणजे आपल्या पायाने गेला. इतकी वर्षं तेच वळण पडलंय जिभेला. कानालाही."

चूक माझी होती आणि काम त्यांचं चोख होतं. अहो, सहा गोष्टी तोंडी सांगितलेल्या, त्यातली एकही इकडची तिकडे झाली नव्हती. पलंग इस्पितळात पोचला होता आणि त्यावर एक आजोबा झोपलेसुद्धा होते. त्या क्षणी, त्या रिकाम्या घरात, मला वहिनींचा राग यायला हवा होता. मला त्यांचा अभिमान वाटला. माणूस निवडावा तर असा.

पण जीव टांगणीला होता तो दुसऱ्याच गोष्टीपायी. "दुकानाचं सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. दोघांना समोर बसवून."

"मी वेगवेगळं सांगा म्हटलं होतं."

"तेवढं नाही ऐकलं तुमचं," वहिनी म्हणाल्या. "एका पेशंटची गोष्ट दोन नातेवाइकांना दोन वेळा सांगितली की दोन गोष्टी होतात. मग त्यांची भांडणं लागतात. एका खोलीत, एकदाच सांगायचं, आणि आपण तिथेच बसून राहायचं. मी बसून राहिले."

मी धाकट्याकडे वळलो. "आणि तू ओरडलास म्हणे."

धाकट्याचे कान लाल झाले. "आनंदाने ओरडलो हो, बाबा. मला वाटायचं, दुकान तुम्ही माझ्या गळ्यात टाकणार. मुलगा ना मी. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना मला काही वाटत नाही. पण तुमची ती काच हातात धरली की आधी ती खाली ठेवायला जागा शोधतो. किती वर्षं तुम्हाला सांगीन सांगीन म्हणतोय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

घ्या. मी त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प, तो मला वाईट वाटेल म्हणून गप्प. एका जिन्यावर राहून आम्ही दोघं एकमेकांना चुकवत होतो. मी मटकन खाली बसलो, कारण बसायला दुसरं काही नव्हतंच. सूनबाईने पाणी आणून दिलं.

"आणि ताई? ती काय म्हणाली?"

धाकटा गंभीर झाला. "ताई एक अक्षर बोलली नाही. मी इतका नाचलो, तिने माझ्या पाठीवर थोपटलं, किल्ली घेतली आणि गेली. ती चिडलीय, बाबा. माझ्यावर नाही. तुमच्यावर."

मी पाणी तसंच ठेवलं आणि उठलो.

दुकान मी ओळखलंच नाही. पाटी तीच, दार तेच. पण कामाचं टेबल तिने आतून काढून खिडकीशी आणलं होतं. कित्येक वर्षं ती म्हणत होती, उजेडात टेबल घेऊ या, आणि मी म्हणत होतो, धूळ येते. आता टेबलावर ऊन पडलं होतं, पट्ट्या लांबीप्रमाणे लावल्या होत्या, आणि थोरली एक फ्रेम जुळवत होती. मी दारात उभा राहिलो. तिने कोपरा जोडला, अंगठ्याने दाबला, उजेडात धरला. मी तेवढ्या अंतरावरून पाहिलं. त्या कोपऱ्यात केस जाईल एवढीसुद्धा फट नव्हती. अहो, मृत्युपत्र करणाऱ्या माणसाला हे कधी बघायला मिळतं का? तो करून जातो, आणि पुढचं बघायला तोच नसतो. मी बघत होतो. माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवलंही नाही.

"आलात?" तिने वर न बघता विचारलं.

"आलो. घोटाळा झाला गं सगळा."

"कळलं. काकूंचा फोन आला होता." तिने हातोडी उचलली, मग परत ठेवली. "बाबा, दुकान मला द्यायचं, हे वकिलांना माहीत होतं. काकूंना माहीत होतं. आता न्हावीकाकांनाही माहीत आहे. मला का नाही सांगितलंत?"

"सांगायला आलो की तू हातोडी मारायला लागायचीस."

"तुम्ही मरणाबद्दल बोलायला लागायचात म्हणून. दुकानाबद्दल बोलला असतात तर ऐकलं असतं ना. तुम्हाला गेल्याशिवाय काही देताच येत नाही का?"

पोत्यावर, बसमध्ये, जिन्यावर मी स्वतःशी जे काही जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो. सरळ बोललो.

"दुकान तुझं आहे. धाकट्याला नको म्हणून नाही. तू माझ्यापेक्षा चांगलं काम करतेस म्हणून. हल्ली माझ्या कोपऱ्यात मला लाकडाचा भुसा आणि गोंद भरून रंग लावावा लागतो. तुझ्यात भरायला जागाच नसते. हे मला कधीपासून दिसतंय. मी जिवंत आहे, शुद्धीवर आहे, आणि तुझ्यासमोर उभा राहून सांगतोय."

थोरलीने मनगटाने नाक पुसलं. हातांना गोंद होता ना. बराच वेळ ती तोच कोपरा फडक्याने पुसत राहिली, जो आधीच स्वच्छ होता. मग म्हणाली, "भुसा भरता ते मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"गिऱ्हाइकांनाही माहीत आहे. कुणी बोलत नाही तुमच्यासमोर." आणि ती हसली. एकदाची हसली. मीही हसलो, जरा उशिरा.

एवढ्यात एक गृहस्थ आत आले, काखेत मुलाने काढलेलं हत्तीचं चित्र. मी सवयीने पुढे झालो, चित्र पसरलं, टेप लावली.

"कडेने दोन बोटं पांढरी जागा सोडू," मी म्हणालो.

"तीन," थोरली म्हणाली. "सोंड मोठी आहे."

गृहस्थांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिलाच विचारलं, "हे कोण?"

थोरली क्षणभरही थांबली नाही. "नवीन आहेत."

"या वयात?"

"हो ना. घरचं सगळं मुलांना वाटून मोकळे झालेत."

गृहस्थांनी माझ्याकडे इतक्या कळवळ्याने पाहिलं की मला खुलासा करावासाच वाटेना. "ठेवा, ठेवा हाताशी," ते तिला म्हणाले. "अशा माणसांना कुणीतरी आधार द्यायला हवा." आणि जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेले.

तर सध्या असं चाललंय. मोबाइल जावयांनी लगेच परत केला. खुर्चीबद्दल ते काही बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. धाकट्याने माझ्या खोलीत नवा पलंग टाकलाय. घर त्याचं झालंय, पण भाडं मागत नाही. आणि रोज सकाळी मी कामावर जातो. मालकीण कडक आहे, पण हात असा आहे की बघत राहावं. नोकरी अजून कच्चीच आहे माझी. परवा माझ्या हातून एक मोठी काच फुटली. तिने ती हिशेबाच्या वहीत माझ्या नावावर लिहिली. पक्की होईल असं काही दिसत नाही.